शिकविणाऱ्यांचीही परीक्षा हवी

पुण्याहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग नीरा नदी ओलांडून शिरवळपाशी सातारा जिल्ह्यात प्रवेश करतो आणि पुढे त्यास खंबाटकीचा घाट लागतो. रात्रंदिवस धावणाऱ्या मालमोटारी, कारखान्यांतून पाळी संपवून परतणारे कामगार आणि रस्ता ओलांडणारे ग्रामस्थ या सर्वांचा जीव येथे चालकाच्या शुद्धीवर अवलंबून असतो. ती शुद्धी मद्याने हरपली, तर शिक्षेबरोबर शिक्षणही द्यावे, हे तत्त्व आता कायद्याने मान्य केले आहे. परंतु ते शिक्षण कोणी द्यावयाचे, या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे आम्हांस वाटते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमान्वये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांवरून दहा हजार रुपयांवर नेला. सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहेच. त्याच दुरुस्तीने १९ व्या कलमात आणखी एक गोष्ट घातली. निलंबनानंतर परवाना परत मिळणाऱ्या चालकाने उजळणी-प्रशिक्षण घ्यावे, आणि तेही १२ व्या कलमाखाली परवाना मिळालेल्या शाळेत किंवा केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या संस्थेत.

हेतू स्तुत्य आहे. तथापि या शाळांचा परवाना कशाच्या बळावर मिळतो, हे पाहिले म्हणजे मन साशंक होते. १९८९ च्या नियमांनुसार सामान्य शाळेचा शिक्षक दहावी उत्तीर्ण, पाच वर्षे वाहन चालविलेला व मोटार-यांत्रिकीचे प्रमाणपत्र मिळविलेला असावा लागतो. २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त केंद्रांसाठी बारावीची अट, एक ते दोन एकर जागा, आभासी चालनयंत्र व बोटांच्या ठशांची हजेरी मागितली. नवशिक्याला मोटार शिकविण्यास हे सर्व योग्यच आहे. पण मद्यपी चालकास मोटार चालविता येत नव्हती, असे थोडेच आहे? त्याचा दोष हाताचा वा पायाचा नाही; दोष सवयीचा आणि विवेकाचा आहे. त्यास पुन्हा गिअर बदलावयास शिकवून काय साधणार?

ब्रिटनमध्ये न्यायालयाने देऊ केलेला असा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेतच पुरा केल्यास बंदीची मुदत एक-चतुर्थांशापर्यंत कमी होते. तेथे विषय असतो तो मद्याचा शरीरावरील परिणाम आणि पुन्हा तसे न घडण्याचे उपाय. आपल्याकडेही अशा वर्गांसाठी परवान्याच्या निराळ्या अटी असाव्यात. समुपदेशनाचे शिक्षण घेतलेला शिक्षक, मर्यादित पटसंख्या, व्यसन जडलेल्यास उपचारकेंद्राकडे पाठविण्याची सोय, आणि शिकविणाऱ्या संस्थेहून स्वतंत्र अशा परीक्षकाकडून मूल्यमापन, एवढ्या तरी अटी आवश्यक आहेत.

अटी वाढल्या की खर्च वाढतो आणि गरीब चालकाचा रोजगार बुडतो, हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. परवाना ही त्याची भाकरी आहे. म्हणूनच हे वर्ग महामार्गालगतच्या शिरवळसारख्या गावी, चालकांस परवडेल अशा शुल्कात भरले पाहिजेत. मात्र स्वस्ताईच्या नावाखाली हजेरी न घेता प्रमाणपत्र विकले जाऊ लागले, तर प्रामाणिक चालकाची फसवणूक होईल आणि रस्ता होता तितकाच धोक्याचा राहील. ज्याच्या सहीने चालकास पुन्हा चाकामागे बसता येते, त्याची पात्रता सरकारने आधी तपासावी.