नोकरीचा दिवस, मोजक्या क्रियापदांत

पहाटे पाचला उठून सहाची बस गाठणाऱ्या परिचारिकेला आपला दिवस इंग्रजीत सांगायला तीन छोटी वाक्ये पुरतात. ‘आय गेट अप ॲट फाइव्ह. आय टेक द बस ॲट सिक्स. आय फिनिश वर्क ॲट थ्री.’ नवशिक्यांनी सुरुवात इथूनच करावी.

क्रियापदे फार लागत नाहीत. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली, त्यात क्रियापदे अवघी १८ होती. ‘गो’, ‘गेट’, ‘टेक’, ‘गिव्ह’ ही त्यांतलीच.

मराठी माणूस अडखळतो तो मांडणीत. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ. ‘जातो’, ‘जाते’ हा भेद तिथे नाही. ‘ही’ आणि ‘शी’ दोघांनाही ‘गोज’ चालते. मात्र ‘शी वर्क्स’मधला शेवटचा ‘स’ हमखास गळतो, म्हणून तो मोठ्याने म्हणून घोटावा.

घड्याळातल्या वेळेला ‘ॲट’, वाराला ‘ऑन’, सकाळ-संध्याकाळला ‘इन द’.

आणखी एक सवय मोडायलाच हवी. रोजच्या कामाला ‘आय ॲम गोइंग टू ऑफिस डेली’ नको, ‘आय गो टू द ऑफिस एव्हरी डे’ म्हणावे. ‘आय ॲम गोइंग’ हे वाटेत असताना फोनवर सांगायचे वाक्य आहे.