सभेचे नियम, भाग ६ : ऐनवेळचे विषय

मागच्या आठवड्यात सूचक आणि अनुमोदक यांची कामे पाहिली. या वेळी ग्रामसभेची विषयपत्रिका हाती घेऊ आणि तिची फक्त पहिली नि शेवटची ओळ वाचू. मधल्या विषयांवर भांडणे होतात, आवाज चढतात, म्हणून तिथले सगळ्यांच्या लक्षात राहते. या दोन ओळी मात्र कुणी ऐकत नाही, आणि लबाडी करायची असेल तर तिला इथेच मोकळे रान मिळते.

पहिली ओळ ठरलेली : 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' लोक अजून सतरंजीवर जागा शोधत असतात, ग्रामसेवक भरभर वाचून काढतो, 'कायम?' म्हणून विचारतो आणि दोन-चार माना हलतात. समजा, तुमसर तालुक्यातल्या चिखल्यासारख्या मँगनीजच्या खाणीच्या गावात मागच्या सभेने ठरवले होते, की ट्रकांच्या रस्त्यावर धूळ बसावी म्हणून पाणी मारण्याची मागणी लेखी करायची. प्रोसिडिंगमध्ये मात्र लिहिले आहे, 'धुळीबाबत चर्चा झाली.' चर्चा झाली म्हणजे काहीच झाले नाही. पुढे पंचायत समितीत किंवा कोर्टात विषय गेला, तर तिथे कागद वाचला जातो, आठवणी नाही. म्हणून कायम करण्याआधी हात वर करून दुरुस्ती सांगायची. ठरले ते नीट लिहिले आहे की नाही, एवढेच इथे बोलता येते. ठराव चूक होता की बरोबर, हा वाद या वेळी उकरता येत नाही. तो उकरणारे प्रत्येक गावात निघतात आणि त्यांच्यामुळे खरी दुरुस्ती बाजूला पडते.

शेवटची ओळ अधिक घातक : 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.' सोय चांगल्या हेतूची आहे. नोटीस निघाल्यावर नळयोजनेची मोटर जळाली, तर पुढच्या सभेपर्यंत गाव तहानलेले ठेवायचे का? पण याच दाराने गावठाणातली जागा भाड्याने देण्याचा ठराव आत येतो, तेही अर्धे लोक चपला शोधत असताना.

यात अन्याय होतो तो घरी राहिलेल्या माणसावर. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते, दवंडी पिटली जाते. ती कशासाठी? खाणीत पाळीवर जाणारा माणूस फलकावरचे विषय वाचतो आणि ठरवतो, की यातल्या एकाही विषयासाठी पाळी बुडवायला नको. त्याच्या जागेचा विषय ऐनवेळी आला, तर त्याला अंधारात ठेवून निर्णय झाला. अशा वेळी आरडाओरडा करू नये. उभे राहून एवढेच म्हणावे : 'हा विषय तातडीचा नाही, पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. माझी हरकत नोंदवावी.' हरकत नोंदली की नाही, हे पुढच्या सभेत त्या पहिल्या ओळीला तपासता येते.

आता कोरम. महाराष्ट्रात ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक लागतात. ५०० मतदारांच्या गावात ७५, तर २,००० मतदारांच्या गावातही १००च. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. मोठी सभा जमू द्यायची नाही आणि तहकूब सभेत आपल्या माणसांत ठराव उरकायचे, ही युक्ती त्यातून निघाली. मात्र तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही, मूळ नोटिशीतलेच विषय चालतात. ही अट माहीत असलेला एक जण जरी हजर असला, तरी ऐनवेळचा विषय तिथे अडतो. नियमित ग्रामसभेआधी होणाऱ्या महिलांच्या सभेचाही असाच उपयोग आहे. तिथले ठराव लेखी आले, की 'बायकांनी काही मांडलेच नाही' असे म्हणायला जागा राहत नाही.

सभा चालवण्याच्या शास्त्राचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारे हेन्री रॉबर्ट अमेरिकन सैन्यात इंजिनियर होते. १८६३ मध्ये त्यांना अचानक एका सभेचे अध्यक्ष केले गेले आणि सभा हाताबाहेर गेली. त्यातून अभ्यास सुरू झाला आणि १८७६ मध्ये नियमांचे पुस्तक निघाले. आपल्याकडे काकासाहेब गाडगिळांनी 'सभाशास्त्र' लिहिले. मला मात्र याहून जवळचा दाखला गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातला मेंढा (लेखा) वाटतो. या गोंड गावात ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. एकाचा विरोध असला तरी विषय पुढे ढकलला जातो. वाचायला हे अशक्य वाटते. ते जमते, कारण गावात अभ्यास गट वेगळा बसतो. तिथे माहिती जमते, शंका निघतात, बाहेरच्या जाणकारालाही बोलावले जाते. पण तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेचा. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत मेंढा होते आणि त्यामागे अशा कितीतरी बैठका होत्या. ज्या विषयावर आधी अभ्यास गटात बसावे लागते, तो ऐनवेळी येणार कसा?

पुढच्या भागात उपसूचना : मूळ ठरावाआधी तिच्यावर मत का घेतात, आणि दोन उपसूचना एकदम आल्या तर अध्यक्षाने काय करावे.