पान नव्हे, पानावरचा ठिपका

श्रोतेहो, मागच्या वेळी आपण 'अवधान' या शब्दापाशी थांबलो होतो. आज तोच धागा तीरकमठ्याच्या निमित्ताने पुढे नेऊ.

यवतमाळ जिल्ह्यात नोकरीला असताना आम्ही एकदा केळापूर तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर गेलो होतो. तिथल्या एका वृद्ध बाबांनी धुऱ्यावर पळसाचं पान टोचलं आणि तीरकमठा आमच्या हाती दिला. आम्ही पाच बाण सोडले, पाचही मातीत. बाबा हसले. म्हणाले, "गुरुजी, तुमी पानाले मारू ऱ्हायले. पानावरच्या ठिपक्याले मारा." पानावर किडीने पाडलेला एक तपकिरी ठिपका होता. तोवर आम्हाला तो दिसलाच नव्हता! सहावा बाणही पानाला लागला नाही, पण बराच जवळ गेला.

असं का होतं? थोडं गणित करू. ऑलिम्पिकमध्ये लक्ष्य 70 मीटरवर असतं, त्याचा व्यास 122 सेंटिमीटर आणि दहा गुणांचं वर्तुळ अवघं 12.2 सेंटिमीटरचं. बाणाची दिशा एक अंशाने चुकली, तर 70 मीटरवर तो सुमारे 122 सेंटिमीटर बाजूला जातो. म्हणजे नेम मध्यावर धरूनही बाण लक्ष्याबाहेर! अंशाच्या इतक्या लहान भागाचा हिशोब डोक्यात करता येत नाही. तो हात करतो, आणि हात डोळ्याच्या मागे जातो. डोळ्याने नुसतं 'पान' म्हटलं, तर हात पानाएवढी चूक खपवून घेतो. 'ठिपका' म्हटलं, तर चूक झाली तरी ती बहुधा पानाच्या आसपासच राहते.

दुसरी गोष्ट. पारंपरिक कमठ्याला नेम धरायचं उपकरण नसतं. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. बाणाचं टोक स्पष्ट पाहिलं की ठिपका पुसट होतो. म्हणून ठिपका स्पष्ट ठेवायचा, बाण नजरेच्या कडेला राहू द्यायचा. आणि बाण सुटल्यावर 'लागला का?' म्हणून मान उचलायची नाही. मान उचलायची घाई झाली की कमठ्याचा हात आधीच खाली येतो. फळाची उत्सुकता कृतीत शिरते ती अशी.

द्रोणांची परीक्षा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. गंमत बघा, आदिपर्वातला अर्जुन म्हणतो की मला पक्ष्याचं डोकं तेवढं दिसतं. आपण गोष्ट सांगता सांगता त्या डोक्याचा डोळा केला. लोकस्मृतीने लक्ष्य आणखी लहान केलं, आणि नेमबाजीच्या दृष्टीने ते बरोबरच केलं.

पण त्याच पर्वात एकलव्य आहे. अंगठा दिल्यावर तो बोटांनी बाण सोडू लागला, पण पहिली चपळाई राहिली नाही, असं महाभारतच सांगतं. अर्जुनच श्रेष्ठ राहावा, या एका बिंदूवर गुरूची नजर इतकी खिळली की समोरचा माणूस दिसेनासा झाला. पोडावर तीरकमठा हाती घेतलेल्या आम्हाला ही गोष्ट वर्गात शिकवली होती तशी पुन्हा शिकवता आली नाही.

मग एकाग्रता वाईट का? नाही. बाबांनी आमच्या हाती कमठा देण्याआधी काय केलं होतं, ते आम्हाला फार उशिरा उमगलं. ते धुऱ्यापलीकडे जाऊन आले होते. तिकडे कुणी पोर, कुणी गुरं नाहीत ना, हे पाहून आले. आजच्या धनुर्विद्येच्या मैदानावरही हाच नियम आहे: लक्ष्याच्या बाजूला माणूस असेल तर बाण चढवायचाच नाही.

तेव्हा क्रम लक्षात ठेवू या. आधी सगळं पाहायचं, मग एकच पाहायचं. पहिली पायरी गाळली तर नेम अचूक लागेल, पण कशाला लागला ते नंतर कळेल.

आज इथेच थांबू.