पडद्यावरील अक्षरांची जुळणी

‘कार्तिक’ हे नाव आपण एका दृष्टिक्षेपात वाचतो. परंतु संगणकाच्या दप्तरी त्याची नोंद क, काना, र, हलन्त, त, पहिली वेलांटी आणि क अशा ७ संकेतांकांनी, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने, झालेली असते. पडद्यावर मात्र तकारानंतर उच्चारली जाणारी वेलांटी त्याच्या आधी यावी लागते, आणि त्याच्या आधी उच्चारला जाणारा रकार रफार होऊन त्याच्या माथ्यावर चढावा लागतो. रोमन लिपीत नोंदीचा आणि आकृतींचा क्रम एकच असल्यामुळे, केवळ तिच्यासाठी घडलेल्या आज्ञावलींत या स्थलांतराची तरतूदच नव्हती. अशा आज्ञावलीच्या बटणावर हे नाव आले, की पायमोडका र उघडा पडे, वेलांटी पुढच्या ककाराला बिलगे, आणि वाचकाच्या पदरी ‘कार् तकि’ असे काहीतरी येई.

भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ साली मुक्रर झाले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. तथापि छापखान्यांनी व कचेऱ्यांनी पुढेही कित्येक वर्षे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती बसवलेल्या फाँटांवरच काम भागवले. तो मजकूर दिसे मराठी, पण यंत्राच्या लेखी तो रोमन अक्षरांचा निरर्थक पुंजका असे, आणि ज्या यंत्रावर तो फाँट नसे तेथे त्याच रूपात प्रकट होई.

‘विंडोज २०००’मध्ये देवनागरीच्या फेरजुळणीचा बंदोबस्त ‘युनिस्क्राइब’ या घटकाकडे आला. पुढे ‘हार्फबझ’ या मुक्त स्रोताच्या घटकाने तेच कार्य फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आदी आज्ञावलींत केले. जोडाक्षराची आकृती कोणती, रफार नेमका कोठे, याचे कोष्टक फाँटात असते आणि हा घटक ते वाचून अक्षरे मांडतो. स्वयंपाक्यांना ‘आचाऱ्यांना’ आणि गुरुजनांना ‘आचार्यांना’ लिहिण्याचा आपला सूक्ष्म विवेकही येथे सुरक्षित राहतो, कारण ऱ या वर्णाला युनिकोडात स्वतंत्र संकेतांक आहे.

इतके होऊनही एक हयगय अद्याप चालू आहे, आणि ती मला अक्षम्य वाटते. बटणाची उंची रोमन अक्षरे मोजून कायम केली, की ‘मुद्रण पूर्ण’ या सूचनेतील खालचे उकार आणि वरचा रफार चौकटीबाहेर छाटले जाऊन ‘मद्रण पण’ उरते. वस्तुतः अक्षरे वर किती चढतात आणि खाली किती उतरतात, याचे माप प्रत्येक फाँटात नमूद असते. ते आधी विचारून मग चौकट आखण्यात कोणतीही तांत्रिक अडचण नाही.