‘टक्’ वाजली का? : घरगुती सीएनसीच्या रिलेची ओळख

डहाणूच्या किनाऱ्यावर चिंचणी, वरोर, वाढवण या गावांत डायमेकिंग हा घरोघरचा धंदा आहे. धातूच्या ठोकळ्यावर दागिन्याची नक्षी उलटी कोरायची आणि त्या डायवर पत्रा दाबून नक्षीचा उठाव काढायचा. मुळात हे कोरणीचं आणि नजरेचं काम. आज तसंच कोरीवकाम सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमानं चालणारं, यंत्रही करतं. केंद्र सरकारच्या १९९१ च्या अधिसूचनेनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि उद्योगांसाठीच्या जमिनीवर ५०० एकरांची मर्यादा आली. अशा तालुक्यात, किनारा सोडून आत चारोटीच्या पुढे कासासारख्या बाजाराच्या गावात, टेबलावर मावणारं सीएनसी यंत्र ही लहान कारागिराला पेलणारी गोष्ट आहे. पोलादाची डाय कोरण्याची ताकद त्यात नसते. पण लाकूड, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिक आणि सर्किट बोर्ड ते नीट कापतं.

या यंत्राचा मेंदू बहुधा अर्डुइनो उनोची छोटी पट्टी असते. तिच्यात ‘जीआरबीएल’ नावाची मोफत प्रणाली चालते. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी ती २००९ साली सुरू केली. संगणकाकडून एकेक ओळ येते: ‘एम ३’ म्हणजे स्पिंडल (कापणारा बिट फिरवणारी मोटर) फिरव, ‘एम ५’ म्हणजे थांबव, ‘एस’ आणि पुढचा आकडा म्हणजे वेग. पण पट्टीच्या एका पिनमधून ५ व्होल्टवर जेमतेम २० मिलिअ‍ॅम्पिअर घ्यावेत. तेवढ्यावर स्पिंडल राहो, साध्या रिलेची कॉइलसुद्धा ओढली जात नाही. तिला ७० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आसपास लागतात. म्हणून बाजारात मिळणाऱ्या रिले मॉड्यूलवर मध्ये ट्रान्झिस्टर आणि उलटा डायोड बसवलेला असतो. कालव्याचं दार उघडणाऱ्याला पाण्याचा लोंढा स्वतः ढकलावा लागत नाही, तो फक्त चाक फिरवतो. रिलेचं काम तेवढंच. कॉइल ओढली की ‘टक्’ वाजते आणि पलीकडचा संपर्क जुळतो.

बिघाड शोधताना या ‘टक्’इतकी मोठी खूण दुसरी नाही. ती वाजली आणि तरी स्पिंडल फिरला नाही, तर दोष पलीकडे, ताकदीच्या वायरिंगमध्ये. वाजलीच नाही, तर दोष अलीकडे, हुकमाच्या बाजूला. हे न ठरवता दोन्हीकडच्या वायरी एकदम सोडणाऱ्याचं अख्खा रविवार वाया जातो.

अलीकडच्या बाजूला एक चकवा ठरलेला आहे. अर्डुइनोवर बसणारी स्वस्त ‘सीएनसी शील्ड’ जीआरबीएलच्या जुन्या आवृत्तीसाठी आखलेली आहे. तिच्यावर ‘स्पिंडल इनेबल’ असं छापलेली जागा १२ क्रमांकाच्या पिनला जोडलेली असते. पण ०.९ आवृत्तीपासून वेग बदलता यावा म्हणून स्पिंडलचा हुकूम ११ क्रमांकावर गेला आणि झेड अक्षाची लिमिट (टोक गाठल्याची खूण देणारा स्विच) १२ वर आली. म्हणजे छापील नावावर विसंबून रिले जोडणारा माणूस तो लिमिटच्या पिनवर जोडतो. रिले गप्प राहतो आणि दोष मात्र रिलेवर येतो. खरा हुकूम ‘झेड लिमिट’ असं छापलेल्या जागी येत असतो.

वायर योग्य जागी आली तरी दुसरी अडचण उरते. ११ क्रमांकाची पिन सलग ५ व्होल्ट देईलच असं नाही. कमी वेग मागितला तर ती सेकंदाला सुमारे हजार वेळा चालू-बंद होते. डीसी मोटरच्या वेग नियंत्रकाला हे चालतं, रिलेला नाही. तो घरघरतो, अर्धवट ओढतो आणि त्याचे संपर्क जळतात. नुसतं ‘एम ३’ लिहिलं आणि आधी कुठेच वेग सांगितलेला नसेल, तर वेग शून्य धरला जातो आणि पिन बंदच राहते. उपाय सोपा आहे. जीआरबीएलच्या सेटिंग ३० मध्ये कमाल वेगाचा जो आकडा आहे, समजा १०००, तोच हुकमात द्यायचा: ‘एम ३ एस १०००’. मग पिन सलग चालू राहते. सेटिंग ३२, म्हणजे लेझर मोड, शून्यावर आहे याचीही खात्री करावी.

तिसरी गोष्ट उलट्या रिलेची. पुष्कळ मॉड्यूल पिन शून्यावर आली की ओढतात. असं मॉड्यूल जोडलं तर ‘एम ५’ दिल्यावर स्पिंडल फिरू लागतो, म्हणजे यंत्र चालू करताच बिट फिरतो आणि बोट जवळ असेल तर जखम होते. जम्पर असेल तर तो ‘हाय’कडे लावावा, नसेल तर दुसरं मॉड्यूल घ्यावं.

तपासणीचा क्रम असा. स्पिंडलची मेन काढून ठेवावी. मल्टिमीटर पिन आणि ग्राउंडवर लावावा: ‘एम ३ एस १०००’ला ५ व्होल्टच्या जवळ, ‘एम ५’ला शून्य. मग मॉड्यूल जोडून दिवा पाहावा, ‘टक्’ ऐकावी. त्यानंतर ‘कॉमन’ आणि ‘नॉर्मली ओपन’ या दोन टोकांत कन्टिन्युइटी तपासावी. स्पिंडल कायम नॉर्मली ओपनवरच जोडावा, म्हणजे कॉइलची वायर तुटली तर यंत्र बंद पडतं.

आता पलीकडची बाजू. छोट्या निळ्या रिलेवर १० अ‍ॅम्पिअर छापलेले असतात, ते एसीच्या २५० व्होल्टला किंवा डीसीच्या ३० व्होल्टला. ४८ व्होल्टचा डीसी स्पिंडल त्यावर टाकला तर ठिणगी लवकर विझत नाही. एसी लाट क्षणोक्षणी शून्यावर येते, डीसी येत नाही. कधी संपर्क चिकटून बसतात आणि ‘एम ५’ देऊनही मोटर फिरतच राहते. डीसी मोटरवर उलटा डायोड, एसी राउटरवर रेझिस्टर-कपॅसिटरचा स्नबर, हे खर्चाला किरकोळ पण गरजेचे भाग. स्पिंडल सुरू होतानाच यंत्र अडतं, यूएसबी तुटते, लिमिटचा खोटा अलार्म येतो, त्यामागे बहुधा या ठिणग्यांचा विद्युत गोंगाट असतो. मग लिमिटच्या वायरी स्पिंडलच्या वायरीपासून दूर न्याव्यात, शील्डेड केबल वापरावी, कंट्रोलरला वेगळा पॉवर सप्लाय द्यावा. हुकमात ‘एम ३’नंतर ‘जी ४ पी ३’ घातलं तर यंत्र तीन सेकंद थांबतं आणि स्पिंडल पूर्ण वेगात आल्यावरच बिट लाकडाला लागतो.

हे सगळं शिकायचं कुठे? पाबळच्या विज्ञान आश्रमात असं शिक्षण रुजलं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली ते सुरू केलं आणि २००२ साली तिथं फॅब लॅब आली, एमआयटीबाहेरच्या पहिल्या लॅबपैकी एक. हातानं काम करत शिकणं हा तिथला पाया. पण कासाच्या पंचक्रोशीतल्या मुलाला तिथवर जाण्याआधीच एक धडा हाताशी असतो: वाडीतल्या पंपाचा स्टार्टर. हिरवं बटण दाबलं की नो-व्होल्ट कॉइल ओढते आणि कॉन्टॅक्टर जुळतो. वीज गेली की कॉइल सुटते आणि वीज परतली तरी पंप आपोआप सुरू होत नाही. स्टार्टर दुरुस्त करणाऱ्याला रिले शिकवावा लागत नाही. त्याला फक्त सांगायचं की इथं बटणाच्या जागी संगणकाची एक ओळ आहे.

आणि स्टार्टरचीच एक शिस्त या यंत्रावर आणायला हवी. आणीबाणीचं लाल मशरूम बटण रिलेच्या भरवशावर न ठेवता स्पिंडलच्या मेनमध्येच बसवावं. अर्डुइनो अडकेल, संपर्क चिकटतील, पण हातानं तोडलेली मेन तोडलेलीच राहते. २३० व्होल्टचं ते काम आणि त्याचं अर्थिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं. बाकी सगळं मल्टिमीटर आणि थोडा धीर यांवर घरच्या घरी जमतं.