कायद्याच्या लेखी परके

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधील १८६० सालापासूनची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी, संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांपुरती, घटनाबाह्य ठरवली. एका घरात संसार करणाऱ्या दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या डोक्यावरची टांगती तलवार त्या दिवशी दूर झाली, पण त्यांचे एकमेकांशी काही नाते आहे असे कायदा त्यानंतरही मानत नाही. विवाहाकडे समाज संस्कार म्हणून, दोन घराण्यांचा सोहळा म्हणून किंवा प्रेमाची परिणती म्हणून पाहतो; कायद्यातले त्याचे काम मात्र निराळे आहे. रक्ताचा काहीही संबंध नसलेल्या दोन प्रौढ व्यक्तींना विवाह एकमेकांचे सर्वांत जवळचे आप्त बनवतो, आणि रुग्णालय, बँक, गृहनिर्माण संस्था, प्राप्तिकर खाते, शाळा अशा ठिकाणी हे आप्तपण त्यांना दर वेळी नव्याने पटवून द्यावे लागत नाही. समलिंगी जोडप्याच्या कौटुंबिक आयुष्यात नेमके हेच उणे असते, आणि संसार सुरळीत चालला असताना ते जितके जाणवत नाही तितके आजारपणात, मृत्यूनंतर आणि मुलांच्या संगोपनात जाणवते.

हे उणेपण दूर व्हावे म्हणून हैदराबादचे सुप्रियो चक्रवर्ती व अभय डांग यांच्यासह अनेक जोडपी २०२२ च्या अखेरीपासून सर्वोच्च न्यायालयात गेली. त्यांत पार्थ मेहरोत्रा व उदय राज आनंद हे दोन मुलांना वाढवणारे जोडपेही होते. मुख्य मागणी विशेष विवाह कायद्याविषयी होती. धर्माच्या व जातीच्या पलीकडे जाऊन नोंदणी पद्धतीने विवाह करू देणारा हा १९५४ चा कायदा विवाहाचे किमान वय सांगताना पुरुषासाठी २१ आणि स्त्रीसाठी १८ वर्षे असे म्हणतो, आणि त्यामुळे एक पुरुष व एक स्त्री असे जोडपेच त्यात गृहीत धरले जाते. या तरतुदी लिंगनिरपेक्ष रीतीने वाचाव्यात, ही विनंती पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी अमान्य केली. विवाह करण्याचा मूलभूत हक्क संविधानात नाही, यावर पाचही न्यायाधीशांचे एकमत झाले. समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला राज्याने मान्यता द्यावी आणि त्यांना एकत्रितपणे दत्तक घेता यावे, हे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल यांचे मत तीन विरुद्ध दोन अशा फरकाने मागे पडले. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. या जोडप्यांच्या वाट्याला येणाऱ्या अडचणी बहुमताच्या निकालानेही नाकारल्या नाहीत, उलट त्या विस्ताराने नोंदवल्या. परंतु अडचण मान्य करून उपाय मात्र संसदेवर आणि सरकारी समितीवर सोपवला गेला, आणि या निकालाची सर्वांत खेदजनक बाजू हीच आहे.

आजारपणाचे उदाहरण घेतले म्हणजे या अडचणींचे स्वरूप कळते. रुग्ण शुद्धीवर असेल तर उपचारांना त्याची स्वतःची संमती पुरते, पण तो बेशुद्ध असेल तेव्हा रुग्णालय नातेवाइकाची सही मागते, आणि वीस वर्षे एका छताखाली राहिलेल्या जोडीदाराला अशा वेळी दूरच्या शहरातून येणाऱ्या भावाची वाट पाहत बाहेर थांबावे लागू शकते. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार पती किंवा पत्नी हे ‘जवळचे नातेवाईक’ ठरतात. समलिंगी जोडीदाराला मूत्रपिंड द्यायचे झाले तर मात्र प्राधिकार समितीपुढे जाऊन हे दान पैशासाठी नसून स्नेहापोटी आहे, हे सिद्ध करावे लागते. याला एक सुखद अपवाद आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कोणत्याही प्रौढ व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो आणि ती व्यक्ती नातेवाईक असण्याची अट नाही. नाते न विचारता माणसाची निवड मानणारी तरतूद भारतीय कायद्यात लिहिता येते आणि लिहिली गेलेली आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

मृत्यूनंतरच्या कागदपत्रांचे मोल अमेरिकेतील एका जोडप्याच्या खटल्याने जगापुढे आणले. ओहायो राज्यातील सिनसिनाटीचे जिम ओबर्गफेल आणि जॉन आर्थर हे वीस वर्षांहून अधिक काळ एकत्र राहत होते. आर्थर यांना स्नायूंवरील ताबा हळूहळू नष्ट करणारा एएलएस हा असाध्य आजार झाला. ओहायोत समलिंगी विवाहाला मान्यता नसल्याने दोघे वैद्यकीय सोयी असलेल्या विमानाने मेरीलँड राज्यात गेले आणि ११ जुलै २०१३ रोजी, धावपट्टीवर उभ्या असलेल्या त्या विमानातच विवाहबद्ध झाले. ओहायो राज्य आर्थर यांच्या मृत्यूच्या दाखल्यात त्यांना अविवाहित म्हणूनच नोंदवील, हे लक्षात येताच त्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. आर्थर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारले; २६ जून २०१५ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी लागलेल्या निकालाने समलिंगी विवाह साऱ्या अमेरिकेत वैध झाला. एवढ्या मोठ्या निकालाच्या मुळाशी मागणी होती ती मृत्यूच्या दाखल्यावरील ‘हयात पती किंवा पत्नी’ या रकान्यात एक नाव लिहिले जाण्याची.

भारतात असा रकाना कोरा राहिला तर त्याचे परिणाम घरापर्यंत पोहोचतात. मृत्युपत्र केलेले नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मालमत्ता मुले, आई, वडील, भावंडे अशा ठरावीक वारसांकडे जाते, आणि जोडीदार या यादीत कुठेच नसतो. अनेक जोडपी नॉमिनी म्हणून एकमेकांची नावे देऊन निश्चिंत होतात, पण नॉमिनी सर्वसाधारणपणे मालक नसून वारसांच्या वतीने पैसा स्वीकारणारा विश्वस्त असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विम्याच्या आणि २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीत सांगितले आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर विम्याची रक्कम नॉमिनीच्या हक्काची ठरू शकते, मात्र ती सवलत आईवडील, पती, पत्नी आणि मुले यांच्यापुरतीच आहे. भविष्यनिर्वाह निधीत तर नियमाने ठरवलेले कुटुंब असलेल्या सदस्याला त्या कुटुंबाबाहेरचे नावच देता येत नाही. त्यामुळे नोंदणीकृत मृत्युपत्र हाच बहुतेक जोडप्यांचा आधार उरतो, आणि त्यालाही मृताचे रक्ताचे नातेवाईक आव्हान देऊ शकतात.

हयातीतच घर जोडीदाराच्या नावे करावे, तर तेही सोपे नाही. महाराष्ट्रात निवासी घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले, नातवंडे यांना बक्षीसपत्राने देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये पडते, तर तेच घर समलिंगी जोडीदाराला देताना बाजारमूल्यावर टक्केवारीने शुल्क भरावे लागते. प्राप्तिकराच्या बाबतीतही पती-पत्नींनी एकमेकांना दिलेली भेट करमुक्त असते. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम ५०,००० रुपयांच्या पुढे गेली की ती उत्पन्न मानली जाते. एका समलिंगी जोडप्याने हा भेद समानतेच्या हक्काचा भंग करतो असे म्हणत २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. एकाच स्वयंपाकघराचा खर्च चालवणाऱ्या दोघांच्या देण्याघेण्याकडे राज्याने त्रयस्थांमधला व्यवहार म्हणून पाहावे, हे कोणत्याही तर्कात बसणारे नाही.

मुलांच्या बाबतीत ही विसंगती आणखी बोचरी होते. दत्तक नियमांनुसार एकट्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येते, एकट्या पुरुषाला मात्र मुलगी घेता येत नाही, आणि जोडप्याला एकत्रितपणे दत्तक घ्यायचे असेल तर किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन आवश्यक असते. २०२१ च्या सरोगसी कायद्याने, म्हणजे दुसऱ्या स्त्रीने गर्भ वाढवून देण्याच्या पद्धतीचे नियमन करणाऱ्या कायद्याने, हा मार्ग विवाहित जोडपी आणि विधवा वा घटस्फोटित स्त्रिया यांच्यापुरताच ठेवला आहे. परिणामी दोन माणसे मिळून ज्या मुलाला वाढवतात, त्याचा कायद्याने पालक एकच असतो. दुसरा त्याला शाळेतून आणतो, रात्री त्याच्या तापात उशाशी बसतो, पण कायदेशीर पालकाचा मृत्यू झाला तर मुलाच्या ताब्यासाठी त्याला अर्जदार म्हणून न्यायालयात उभे राहावे लागते. येथे वंचित होते ते मूलही, कारण आहे तो पालक गमावण्याची वेळ त्याच्यावर येते.

कायद्याबाहेरच्या कुटुंबात मात्र पुष्कळ हालचाल झाली आहे, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर मराठीतून सातत्याने लेखन केले. ‘माती माय’ या चित्रपटाच्या दिग्दर्शिका चित्रा पालेकर आपल्या लेस्बियन मुलीविषयी जाहीरपणे आणि अभिमानाने बोलत आल्या आहेत. ‘स्वीकार’ या पालकांच्या गटातील ४०० हून अधिक आईवडिलांनी एप्रिल २०२३ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहून आपल्या मुलांच्या विवाहाला मान्यता मागितली. ज्या देशात मुलामुलींचे लग्न ही आईवडिलांची जबाबदारी समजली जाते, तेथे या पत्रातली मागणी परंपरेला धरूनच होती. सगळीच घरे अशी नसतात. पुष्कळ ठिकाणी स्थळे पाहणे थांबत नाही, आणि जोडीदाराची ओळख वर्षानुवर्षे ‘मैत्रीण’ किंवा ‘रूममेट’ अशीच करून दिली जाते. लोक कुतूहलाने विचारतात की या दोघांत नवरा कोण आणि बायको कोण. पण भूमिकांचे असे आयते वाटप नसल्यामुळे स्वयंपाक, पैसा आणि म्हाताऱ्या आईवडिलांची सेवा यांविषयी त्यांना एकमेकांशी बोलूनच ठरवावे लागते.

सरकारी समितीच्या विचारविनिमयानंतर २०२४ मध्ये केंद्राच्या खात्यांनी काही सूचना काढल्या. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले मानावे, संयुक्त बँक खाते उघडण्यास व जोडीदाराला नॉमिनी करण्यास आडकाठी नाही, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर मृतदेह जोडीदाराला ताब्यात घेता यावा, असे त्यांत सांगितले आहे. या सूचना उपयोगी आहेत, तरी वारसाहक्क, पालकत्व आणि कर यांना त्या स्पर्श करत नाहीत. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, घरच्यांनी अडवून ठेवलेल्या एका तरुणीला तिच्या मैत्रिणीबरोबर जाऊ देताना, कुटुंब स्थापन करण्याचा विवाह हा एकमेव मार्ग नाही आणि माणसांनी निवडीने बांधलेले कुटुंबही कायद्यात मान्य आहे, असे स्पष्ट केले. त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये तमिळनाडू सरकारला कौटुंबिक सहवासाच्या नोंदणीकृत कराराची पद्धत आणण्याचा विचार करण्यास सांगितले होते. असा करार विवाहाची जागा घेणार नाही, पण महाराष्ट्रासारख्या राज्यातही तो नोंदवता आला, तर रुग्णालयातल्या खिडकीवर दाखवायला जोडीदाराच्या हाती निदान एक कागद असेल.