संगणक अकस्मात बंद पडण्याची कारणमीमांसा

नांदेड जिल्ह्यातील नायगावसारख्या तालुक्याच्या गावी पीकविम्याचे अर्ज, दाखले, महाविद्यालयीन प्रवेश ही सर्व कामे आज सेवा केंद्रातील संगणकावर होतात. मुदतीच्या अखेरच्या दिवशी तो संगणक एकाएकी बंद पडला, तर शेतकऱ्याचा विमा हुकण्याचा प्रसंग येतो. अशा वेळी बहुधा विंडोज नव्याने भरली जाते, अथवा हार्ड डिस्क बदलली जाते. दोष मात्र कायम राहतो. यास्तव या घटनेच्या कारणांचा क्रमवार विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, क्षणार्धात बंद पडणे हा पुष्कळदा बिघाड नसून संरक्षण असते. प्रोसेसर व पॉवर सप्लाय या दोहोंत धोका ओळखून यंत्र थांबविण्याची योजना असते. म्हणून पहिला प्रश्न ‘काय बिघडले?’ हा नसून ‘यंत्र कोणी थांबविले?’ हा होय.

उष्णतेचे उदाहरण घेऊ. विशिष्ट कामाच्या वेळी प्रोसेसर खोलीतील हवेपेक्षा ठराविक अंशांनी अधिक तापतो. समजा, ही वाढ ५० अंश सेल्सिअस आहे. हिवाळ्यात खोली २५ अंशांवर असता प्रोसेसर ७५ अंशांवर राहील. वैशाखात खोली ४३ अंशांवर गेली की तोच ९३ अंश गाठील. पंख्याखालील पात्यांत धूळ साचून ही वाढ ६० अंश झाली, तर आकडा १०३ होतो. पुष्कळशा प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तेथे प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो; तरीही तापमान चढत राहिल्यास यंत्र बंद होते. मार्गशीर्षात निर्दोष चालणारे यंत्र वैशाखात का थांबते, याचा उलगडा यातून होतो.

दुसरे कारण वीजपुरवठ्याचे. आपल्याकडील विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. पुरवठा क्षणभर तुटल्यास पॉवर सप्लायमधील कपॅसिटर साधारणतः तितकाच अल्प काळ यंत्र तगवून धरतात. तथापि हा साठा विभवाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. साध्या बनावटीच्या पॉवर सप्लायमध्ये २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाल्यास साठा सुमारे ६१ टक्केच उरतो. मग शेजारची मोटार सुरू होताना बसणारा किरकोळ झटकाही पुरतो. जुने झालेले कपॅसिटर हाच परिणाम योग्य विभवावरही घडवितात.

ही कारणे लक्षणांवरून वेगळी करता येतात. काही काळ काम केल्यावर, विशेषतः दुपारी, यंत्र थांबत असेल आणि लगेच सुरू केल्यास पुन्हा लवकर थांबत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. दिवे मंदावताना थांबत असेल, तर पुरवठा व यू.पी.एस.ची बॅटरी तपासावी. थंड वेळीही कामाचा भार वाढताच थांबत असेल, तर पॉवर सप्लाय दुर्बल झाला असण्याचा संभव अधिक. त्याच्या १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळावयास हवेत. विंडोजच्या नोंदवहीतील ४१ क्रमांकाची नोंद यंत्र रीतसर बंद झाले नाही एवढेच सांगते. कारण सांगत नाही.

तपासणी कमी खर्चाच्या उपायापासून आरंभावी: बायॉसमधील तापमान पाहणे, पंखा बोटाने स्थिर धरून धूळ काढणे, यू.पी.एस. बदलून पाहणे, आणि शेवटी दुसरा पॉवर सप्लाय जोडणे. एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा गुण कशाने आला हे कळत नाही. पॉवर सप्लायची पेटी मात्र उघडू नये. वीज काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास भार काही काळ टिकून राहू शकतो, व तो प्राणघातक ठरू शकतो.

थांबण्याची वेळ, खोलीतील हवा व विजेची स्थिती यांची आठवडाभर वहीत नोंद ठेवल्यास निदानाचे निम्मे काम कोणताही सुटा भाग विकत न घेता होते.